जांभळा दोरा

हॅलो?... हॅलो, कोण?... अगं धाकटे, तू होय! बरं झालं तुझाच फोन आला. मी आत्ता तुलाच लावणार होते, पण चष्मा सापडेना. वहिनी तुझी गेलीय पोराला शाळेतून आणायला, दादा गेलाय माल भरायला. नंबर दाबून दे म्हणून सांगू कोणाला, भिंतीला?

नाही, मी बरी आहे. मला काय धाड भरलीय! तुझ्या बापाचं सांगायचंय. काय ते वागणं, काय ते वागणं! बसली आहेस का तू? बस आधी... बसलीस? आज सकाळी तुझ्या वडिलांनी स्वतःचं बनियन स्वतः धुतलं.

हसू नकोस.

हसू नकोस म्हणते ना! उभ्या जन्मात या माणसानं कधी रुमाल पिळला नाही. जेवून उठल्यावर ताट दोन बोटं सरकवलं नाही. आणि आज मोरीत बसून, नळ बारीक सोडून... मला ऐकू जाऊ नये म्हणून बारीक, कळतंय का तुला... बनियन चोळतायत. मी म्हटलं, अहो, मी आहे, सून आहे, धुण्याचं मशीन आहे, तुम्हाला कसली हौस आली? तर म्हणे, घाम आला होता. घाम! दिवसभर खाटेवर पडून पंखा अंगावर घेतात, घाम कशाचा? माझ्यावर खेकसण्याचा?

हो, हो... अगं ऐक ना पुढचं. ऑपरेशन झाल्यापासून तिरसटलेत, ते मला मान्य आहे. आतड्याला पीळ पडला, पोट उभं चिरलं, कोणीही तिरसटेल. पण बाहेरचे टाके काढून आणले ना, तेव्हापासून गडी खुशीत होता. हळूहळू जिना उतरून दुकानात बसायचा, कारागिरांच्या शिवणीला नावं ठेवायचा. मी म्हटलं, चला, नावं ठेवतायत म्हणजे बरे झाले. आणि परवापासून काय बिनसलं कोण जाणे. सारखा पोटावर हात. जेवताना हात, झोपताना हात. कोणी चोरून नेणार आहे का ते पोट? शर्टाची बटणं गळ्यापर्यंत. एवढ्या उकाड्यात! मी म्हटलं, व्रणाला जरा मलम लावून देते, तर वसकन अंगावर आले.

काय?... ताप? कपाळाला हात लावू देतील तर कळेल ना.

पाणी?... कसलं पाणी?... मी कशी बघणार, दाखवतात कुठे! नवी नवरी बरी.

बनियनवर?... डाग?

...थांब. गॅलरीत वाळत घातलंय त्यांनी. थांब, धर फोन. ही दोरी तुझ्या दादानं स्वतःच्या उंचीनं बांधलीय, आईला हात पोचतो का नाही, याचा विचार... हं. काढलं. ओलंच आहे अजून. थांब, उजेडात धरते...

आहे गं. पोटापाशीच आहे. नीट गेला नाहीये, त्यांना धुता कुठे येतंय. रक्त नाही, लाल नाही. फिकं... नव्या लाल कापडाचं पहिल्या धुण्याला पाणी सुटतं ना, तसलं गुलाबी. कडेनं पिवळट.

...हॅलो? धाकटे?

अगं बोल ना. आता काय करू मी?

जाते. जाते त्यांच्याकडे. तू ठेवू नकोस, मी फोन घेऊनच जाते.

अहो. अहो, झोपेचं सोंग पुरे, पापणी हलतेय तुमची. ...धाकटीचा फोन आहे. ...हो, मीच सांगितलं. मग काय शेजाऱ्यांना सांगू? बटणं काढा. ...काढा म्हणते. मी ओढला शर्ट आणि बटणं तुटली, तर लावत बसाल तुम्हीच.

अगं आई गं...

नाही, नाही, घाबरू नकोस. सांगते. आत घडी ठेवलीय कापडाची. अस्तराचं कापड! दुकानातून अस्तर आणून, त्याची घडी करून पोटाला लावलीय, वरून बनियन, वरून शर्ट. घडी भिजलीय. हो, गुलाबीच... व्रण वर चांगला आहे, मिटलेला आहे. खाली, बेंबीच्या खाली, शेवटाला... बारीक भोक आहे. टाचणी गेल्यासारखं. त्यातून येतंय. थेंब थेंब. मी पुसलं की परत येतंय.

वास? थांब... नाही, वास नाही.

फुगवटा? म्हणजे कसा?... खोकायला सांगू का त्यांना, म्हणजे दिसेल...

नको? बरं, बरं, ओरडतेस काय! अहो, खोकायचं नाही तुम्ही. अजिबात खोकायचं नाही! ...घसा खाकरायचा पण नाही! ...सांगितलं गं. आता तोंडावर हात धरून बसलेत, शाळेतल्या पोरासारखे.

अहो, ती विचारतेय, काही उचललंत का? कापडाचा गठ्ठा वगैरे? ...मान हलवतायत. नाही म्हणे. मग कशानं झालं? असं कसं आपोआप? ...खरं सांगा. लेकीशी खोटं बोलायचं नाही, माझ्याशी बोललात ते बोललात. ...काय? मोठ्यानं. ...दोरा? कुठला दोरा?

थांब धाकटे, काहीतरी दोऱ्याचं म्हणतायत.

कुठून आला? ...व्रणातून? ...आणि तुम्ही तो...

देवा, हा माणूस.

ऐक. ऐक नीट. व्रणाच्या त्या टोकाला दोऱ्याचं एक टोक वर आलं होतं म्हणे. जांभळं. बनियनला अडकायचं, टोचायचं. मग यांनी परवा ते ओढलं... हो, ओढलं!... मशीनच्या बॉबिनमधला गुंता काढायचा चिमटा आहे ना दुकानात, त्यानं. जेवढं आलं तेवढं ओढलं आणि कापून टाकलं.

का म्हणून काय विचारतेस? कच्चा धागा वाटला त्यांना!

अगं, तू शिंप्याची मुलगी, तुला मी काय शिकवू? आधी कच्चा धागा घालायचा, कापड जागेवर धरून ठेवायला. मग मशीनची टीप. टीप पडली की कच्चा उपसून टाकायचा. चुकून राहिला आणि गिऱ्हाइकाच्या नजरेला पडला, की दुकानाचं नाक गेलं. लहानपणी तूच बसायचीस ना ओढत? यांना वाटलं, बाहेरचे टाके म्हणजे पक्की टीप. ते काढले म्हणजे आतून जखम भरलीच. आणि हा आतला राहिलेला, हा डॉक्टरचा कच्चा, काढायचा विसरला बिचारा. शिवाय तो डॉक्टरच म्हणाला होता ना, आतला दोरा विरघळणारा आहे म्हणून? मग विरघळणारा म्हणजे कच्चाच की! खरं सांगू, माझ्या नजरेस पडलं असतं तर मलाही तसंच वाटलं असतं.

...उलटं?

सावकाश सांग. तू भराभर बोलतेस, माझ्या डोक्यात शिरत नाही... हं. बाहेरचे टाके नुसते कातडीचे... तोंड मिटवायला. हं... आणि कातडीच्या खाली पोटाची जाड भिंत असते... हो, जी सगळं आतलं धरून ठेवते... ती या जांभळ्या दोऱ्यानं शिवलीय. बरं... आणि कातडी लवकर भरते, पण ती भिंत सावकाश धरते. तोवर सगळा भार दोऱ्यावर... म्हणून मुद्दाम हा असला घेतात, दमानं विरघळणारा. साधा घेतला असता तर भिंत धरायच्या आत गळून गेला असता... हा कित्येक आठवडे ताण धरतो, मग पुढे महिन्यांनी अंगातच झिजून जातो. काढायचा नसतोच. कोणीच काढायचा नसतो.

म्हणजे पक्की शिवण तीच.

ऐकलंत का हो? पक्की शिवण उसवलीत तुम्ही. बाहेरची होती ती कच्ची!

...आता खाली काय बघताय? चादरीवर काय लिहिलंय?

हे तुला डॉक्टरनं सांगितलं होतं?... मग आम्हाला नको सांगायला?... कधी सांगितलंस?... घरी सोडलं त्या दिवशी? मी खाली औषधं घ्यायला गेले होते गं. आणि हे काय करत होते?... ‘हो, हो’ म्हणत होते? अगं, यांचं ‘हो, हो’ म्हणजे गिऱ्हाइकाला ‘उद्या मिळेल’ म्हणतात, तसलं. त्यावर तू विश्वास ठेवलास? याच घरात वाढलीस ना तू?

बरं, बरं. तुझी चूक नाही. कोणी म्हटलं तुझी चूक आहे? रडू नकोस. आपण दोघी रडायला लागलो तर यांना वाटेल आपले दिवसच भरले.

एक सांग मला. हे टाके सुटे सुटे असतील ना? म्हणजे एक गेला तरी बाकीचे धरून राहतील...

...एकच?

वरपासून खालपर्यंत एकच दोरा?

...

हो, ऐकतेय. ऐकतेय मी. इथेच आहे. मला नको सांगूस पुढचं. सबंध आयुष्य शिवणयंत्राच्या खडखडाटात गेलं माझं, मला कळतं टोक सुटलं की काय होतं. सलग शिवण ती. दिसताना सगळी जागच्या जागी दिसते. आणि मग जरा ताण पडला, की...

लाव. तुझ्या त्या दुसऱ्या फोनवरून लाव डॉक्टरला. मी हा धरून ठेवते. लाव लवकर.

...

तुम्ही उठताय कशाला? आडवे व्हा. ...आडवे व्हा आधी, मग बोला. ...बरं, घ्या, तेवढा चहा घ्या, निवत आलाय. डोकं जास्त वर करू नका. ...परवापासून हे पोटात ठेवून बसलात? पोटात काही ठेवायची ही वेळ आहे का तुमची? मला सांगितलं असतंत तर मी खाल्लं असतं का तुम्हाला? ...हो, ओरडले असते. ओरडले असते आणि घेऊन गेले असते.

हॅलो? हां, बोल. लागला?... विचार, विचार... टोकाला गाठ होती का? म्हणजे कापलेल्या तुकड्याला?

अहो, डॉक्टर विचारतायत, तुकड्याला गाठ होती का? ...ठेवलाय? ठेवलाय म्हणे! कुठे? ...बटणांच्या डबीत. थांब गं, डबी उशाशीच आहे. ही काजाची बटणं, ही हुकं, ही... हा. मिळाला. हा बघ... तुला कसा दिसणार, सांगते. बोटाएवढा आहे. मासे धरायच्या गळाची दोरी असते ना, तसा गुळगुळीत, ताठ. वळवला तर परत सरळ होतोय. आणि एका टोकाला... आहे. गाठ आहे. एकावर एक गाठी मारल्यात.

सांग त्यांना. गाठच आलीय बाहेर.

...काय म्हणताय? ...काय म्हणालात?

धाकटे, तुझे वडील म्हणतायत, गाठ काय सुरेख मारलीय. म्हणे, इतक्या निसरड्या दोऱ्यावर इतकी घट्ट गाठ बसवणं सोपं नाही, पोरगा हाताचा चांगला आहे. घ्या! पोट उसवून बसलेत आणि कौतुक चाललंय गाठीचं!... नाही, हसत नाहीये मी. हसू नाही हे.

काय म्हणाले डॉक्टर?... आत्ता? लगेच म्हणजे... बरं. बरं. गुलाबी पाणी येतंय म्हणजे आतली शिवण सुटत असेल... असेल म्हणाले ना? सुटलीच असं नाही ना म्हणाले?... बघितल्याशिवाय नाही सांगता येत. बरं. वेळ घालवायचा नाही. आडवंच न्यायचं, पाय गुडघ्यात जरा दुमडून. पोट दाबायचं नाही. आणि समजा... हं... समजा आतलं काही वर आलं... देवा... तर हात लावायचा नाही, आत ढकलायचं नाही, स्वच्छ ओल्या फडक्यानं झाकायचं. कळलं. पाण्यात भिजवलेलं, उकळून गार केलेल्या. आहे माझ्याकडे प्यायचं, उकळलेलं.

आणि तोंडात काही... चहा!

चहा ठेवा खाली! अहो, कप ठेवा! ...दोन घोट गेले गं. सांग डॉक्टरला. मीच दिला, दोन मिनिटांमागे... दोनच घोट. परत भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं, हो ना? आता नाही देत. पाण्याचा थेंब नाही देत.

गाडी पाठवतात का ते?... दुसऱ्या पेशंटला आणायला गेलीय? मग केव्हा येईल?... नक्की नाही. नक्की नाही म्हणजे काय! रिक्षात हे बसणार कसे, दुमडून?... थांब. थांब, बेकरीवाल्याची गाडी उभी आहे समोर. धर जरा, खिडकीतून हाक मारते.

ओ बेकरीवाले! अहो, इकडे, वर! तुमच्या गाडीतले पावाचे ट्रे काढा आणि मागे गादी टाका! ...हो, आत्ता! आमच्या यांना न्यायचंय दवाखान्यात, आडवं न्यायचंय! ...पैसे-बैसे काय विचारताय, मी तुम्हाला काय सांगतेय! ...काय? ...नाही का विचारत? मग हात हलवून काय सांगताय? ...अच्छा, दोन माणसं घेऊन येतो म्हणतायत. स्ट्रेचरसारखं उचलायला. बरं, या, या! फळी आणा, दुकानाची कापायच्या टेबलावरची फळी निघते!

ऐकलंस का? येतोय तो. चांगला माणूस आहे, मी उगाच त्याच्या पावाला नावं ठेवते.

हो, दाराची कडी काढून ठेवते. वहिनीला तू कळव. दादाला लावत राहा, लागेल कधीतरी. तू निघतेस?... मग नीघ. नोकरी कुठे पळून जात नाही.

काय हो? ...काय?

...

धाकटे, हे म्हणतायत, मी येणार नाही.

मला काय विचारतेस, त्यांनाच... घे, त्यांच्या कानाला लावते... नाही घेत. तोंड भिंतीकडे केलंय. म्हणतायत भरेल आपोआप. म्हणतायत, आणखी दोन दिवस बघू. मी काय करू आता? हा माणूस मला एकटीला उचलवणार आहे का? बेकरीवाला दारात येईल आणि हे खाटेचा खूर धरून बसतील, मी ओळखून आहे यांना.

अहो, का नाही? का नाही यायचं, ते तरी सांगा. ...हं. ...हं.

लाज वाटते म्हणे. दुसऱ्या कारागिराचं काम स्वतःच्या हातानं उसवलं, आता त्याच्यापुढे कुठल्या तोंडानं जाऊ. म्हणे, माझा शिवलेला कोट कोणी असा उसवून आणला असता, तर मी त्याला पायरी चढू दिली नसती... ऐकलंस? एवढं सगळं मनात रचून ठेवलंय यांनी. डॉक्टर काय म्हणाले, सांग यांना मोठ्यानं. मी धरते फोन... नाही ओरडले? नुसतं ‘आधी घेऊन या’? अहो, ऐका, डॉक्टर रागावलेले नाहीत. ‘आधी घेऊन या’ म्हणाले. बाकी काही नाही.

...

नाही मानत गं.

हात बघ यांचा. चादरीची कड चिमटीत धरलीय, तिची घडी घालतायत, मोडतायत, परत घालतायत. ज्या बोटांना सुईत दोरा ओवायला कधी दुसरा प्रयत्न लागला नाही, ती. अगं, ही लाज नाहीये. मी उगाच लाजेशी भांडत बसले. हे घाबरलेत. मागच्या वेळी भूल द्यायला नेताना माझं बोट सोडवेना यांना, नर्सनं सोडवलं. तू तेव्हा प्रवासात होतीस, तुला नाही माहीत. त्या दारातून परत आत जायचं नाहीये त्यांना. तेवढंच आहे.

हो... हो गं बाई. मलाही वाटते. मला काय दगडाचं केलंय? पण आत्ता माझी भीती मी नंतरसाठी ठेवलीय.

जिन्यावर पावलं वाजतायत. आले वाटतं. ओ, दार उघडंच आहे! फळी आडवी करून घ्या, वळणावर जपून!

धाकटे, तू ठेवू नकोस अजून. मी यांना एक सांगणार आहे, तू साक्षीला राहा. नंतर म्हणतील, मी बोललेच नव्हते.

अहो. तोंड इकडे करा. बेकरीवाल्याकडे बघू नका, माझ्याकडे बघा. तुमच्यासारखा शिंपी मी दुसरा पाहिला नाही. हे तुम्हाला मी कधी बोलले नाही, आणि परत बोलणारही नाही. पण या पोटाच्या बाबतीत तुम्ही शिंपी नाही. तुम्ही गिऱ्हाईक आहात. गिऱ्हाइकानं कात्रीला हात लावायचा नसतो, कारागिराला लाजायचं नसतं, आणि माप द्यायला बोलावलं की मुकाट्यानं जायचं असतं. भीती वाटली तर माझं बोट धरा. या खेपेला नर्सच्या बापाला सोडवू देणार नाही मी. चला, उचला हो यांना!